मरणाच्या जुन्या कविता वाचताना: आधी मडकं, मग ब्रह्म

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुकोबांचे स्वतःच्या मरणाचे अभंग, तांब्यांची 'जन पळभर म्हणतिल', गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' अशा कविता वाचताना शब्दार्थ कसाबसा लागतो, पण प्रतीकं म्हटली की अडायला होतं. गाइडात 'दिवा म्हणजे जीवन, मावळता सूर्य म्हणजे मृत्यू' असा तक्ता असतो. तो पाठ करूनही कविता उघडत नाही. मग वाचायचं कसं?

तक्ता बाजूला ठेवूनच सुरुवात करावी लागेल. मराठीतली मरणाची जुनी कविता वस्तूंनी भरलेली आहे: मडकं, गोवऱ्या, तीळ, पिंड, सुतक, बाराव्याचं जेवण. लिहिणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने या वस्तू हाताळलेल्या होत्या, त्यामुळे कवीला त्या समजावून सांगाव्या लागत नव्हत्या. आज बहुतेक जण विद्युतदाहिनीबाहेर थोडा वेळ उभे राहतात आणि बाकीचं गुरुजी बघतात. शब्द कानाला ओळखीचा राहिला आहे, वस्तू डोळ्यांसमोरून गेली आहे. म्हणून क्रम असा धरावा: आधी ती वस्तू किंवा तो विधी नेमका काय, मग ओळीतलं क्रियापद कोणतं, मग बोलणारा कोण, आणि हे तिन्ही हाती आल्यावर प्रतीक. पुष्कळदा तिसऱ्या पायरीवरच अर्थ लागून जातो.

तुकोबांपासून सुरू करू, कारण हा ऐवज तिथे सर्वांत दाट आहे.

'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य' हा अभंग सगळ्यांना तोंडपाठ असतो. या पहिल्या चरणावर लोक लगेच 'अद्वैत', 'मोक्ष' असे मोठे शब्द टाकतात आणि पुढचे पाच चरण न वाचताच सोडतात. खरी माहिती पुढे आहे. 'एकदेशी होतों अहंकारें आथिला' यात 'आथिला' म्हणजे 'होता' नव्हे. त्याचा अर्थ युक्त, भरलेला, संपन्न. 'एकदेशी' हा वेदान्तातला शब्द आहे: एका जागेपुरता मर्यादित. त्याच्या समोर आधीच्या चरणातलं 'सर्वात्मकपणें' ठेवा, म्हणजे अभंगाचा आडवा धागा सापडतो. अहंकाराने भरलेला मी एका जागी कोंडलेला होतो, तो सुटला आणि सगळीकडे झाला. मग 'मी माझ्या संकोचें दुरी जालों' येतं. इथे 'संकोच' म्हणजे लाज किंवा भीड समजलं की चरण फुकट गेला. संकोच म्हणजे आकसणं, अरुंद होणं. एकदेशीपणाचंच ते दुसरं नाव आहे.

त्याच अभंगातला 'सुकाळ' हा शब्द तर हमखास सांडतो. 'त्याच्या त्यागें जाला सुकाळ हा' याचा अर्थ 'आनंदीआनंद झाला' असा लिहून मोकळे होतात. पण हा शब्द ज्याने लिहिला त्याने १६३० च्या सुमाराचा दख्खनचा भीषण दुष्काळ भोगला होता. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्याचंच वाक्य आहे. अशा माणसाच्या तोंडी सुकाळ म्हणजे पोटभर धान्य. मरणाने सुकाळ आणला हे विधान त्या पार्श्वभूमीवर ऐकलं की किती धाडसी आहे ते कळतं.

'फिटलें सुतक जन्ममरणाचें' यात दोन गोष्टी बघायच्या. सुतक आपल्याकडे जवळच्या भाऊबंदांना दहा दिवस असतं. तेवढे दिवस देवपूजा नाही, देवळात जाणं नाही, लोक घरी जेवत नाहीत. बोलीत आपण जन्माचं ते सोयर आणि मरणाचं ते सुतक असा भेद करतो, जुन्या भाषेत मात्र सूतक जन्माच्या अशौचालाही म्हणतात. म्हणून 'जन्ममरणाचें सुतक' ही जोडी तिथे बरोबर बसते. दुसरी गोष्ट क्रियापदाची. सुतक फिटतं, ऋण फिटतं, पारणं फिटतं. फिटणं म्हणजे देणं चुकतं होऊन मोकळं होणं. 'संपलें' लिहिलं असतं तर हिशेबाची ही छटा आली नसती. आणि लिहिणारा मूळचा वाणसौदा करणाऱ्या महाजनाच्या घरातला, सावकारीही केलेला, हे विसरू नये.

आता त्या अभंगाचे सोबती. गाथेत स्वतःच्या मरणाचे आणि उत्तरक्रियेचे असे बरेच अभंग जवळजवळ आहेत. ते सुटे वाचले की गूढ वाटतात, एकत्र वाचले की लक्षात येतं की तुकोबा अंत्यविधीच्या क्रमाने चालले आहेत. शरीराचं प्रेत झालं इथून सुरू होणारा अभंग घ्या. त्यात रडणारे कोण, तर 'रडती रात्रदिवस कामक्रोधमाया'. म्हणजे सुतकी घरातली माणसं हीच. मग 'वैराग्याच्या शेणी लागल्या शरीरा'. शेणी म्हणजे गोवऱ्या, आणि त्यांना अग्नी ज्ञानाचा. मग येतो हा चरण: 'फिरविला घट फोडिला चरणीं । महावाक्य जनीं बोंब जाली'.

हा चरण कळायला स्मशानातली पुढची पाच मिनिटं माहीत हवीत. प्रेताला अग्नी दिल्यावर क्रिया करणारा पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेतो आणि चितेभोवती उलट्या तीन फेऱ्या घालतो. प्रत्येक फेरीला मागून कोणी एका दगडाने मडक्याला भोक पाडतो आणि पाण्याची धार लागते. तो दगड म्हणजे अश्मा, त्यालाच जीवखडा म्हणतात. पुढे दहा दिवस तिलांजली त्याच दगडावर देतात. तिसरी फेरी झाली की मडकं मागे टाकून फोडायचं आणि पालथा हात तोंडावर नेऊन बोंब मारायची. रीत घराण्यागणिक आणि गावागणिक थोडी बदलते, पण घट फिरवणं, फोडणं आणि बोंब हा क्रम महाराष्ट्रात सर्वदूर ओळखीचा आहे.

आता चरण पुन्हा वाचा. घट फिरवला, फोडला, पण मागे न टाकता 'चरणीं', म्हणजे विठ्ठलाच्या पायाशी. आणि त्यानंतरची बोंब म्हणजे 'महावाक्य'. महावाक्यं म्हणजे उपनिषदांतली 'तत्त्वमसि', 'अहं ब्रह्मास्मि' ही वचनं. शिष्याच्या कानात हळू सांगायची ही गोष्ट इथे स्मशानातल्या बोंबेच्या जागी आली आहे आणि ती 'जनीं' झाली आहे, चारचौघांत. बोंब म्हणजे ओरडा, तक्रार, अफवा एवढाच अर्थ घेतला की हा धक्का पोहोचत नाही. फुटलेल्या घटाचा वेदान्ती अर्थही इथे आपोआप येतो: घट फुटला की घटातलं आकाश बाहेरच्या आकाशापासून वेगळं राहत नाही. टीकाकार तो अर्थ लगेच सांगतात, तो बरोबरही आहे. फक्त तो आधी सांगितला की मडकं आणि बोंब दोन्ही पुसली जातात.

पुढे 'दिली तिळांजुळी कुळनामरूपांसी'. आज 'तिलांजली देणे' म्हणजे एखादी गोष्ट सोडून देणे, एवढाच वाक्प्रचार उरला आहे. विधीत तिलांजली देताना मृताचं गोत्र आणि नाव उच्चारतात, अमुक गोत्राच्या अमुक नावाच्या प्रेताला हे तीळपाणी. म्हणजे कूळ आणि नाव हा मृताचा पत्ता असतो. तुकोबा तो पत्ताच मेला असं धरतात आणि तीळपाणी त्यालाच देऊन टाकतात. शेवटी 'रक्षा जाली आपींआप', यात रक्षा म्हणजे राख, आणि संरक्षण हाही अर्थ मागे आहेच. मग 'उजळला दीप गुरुकृपा'. माणूस गेला त्या जागी घरात दिवा लावून ठेवायची पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना इथे आश्चर्य वाटणार नाही. तक्त्यातल्या 'दिवा म्हणजे जीवन' या समीकरणाची मात्र इथेच पंचाईत होते, कारण या अभंगात दिवा मेल्यानंतर पेटतो.

'बोळविला देह आपुलेनि हातें' हा आणखी एक. बोळवण पाहुण्याची होते, लेकीची होते. चार पावलं सोबत जायचं, हातात काहीतरी द्यायचं, मग वळायचं. देहाची बोळवण म्हणजे देह हा घरचा नव्हता, पाहुणा होता. त्याच चरणातली 'भूतें' ही पंचमहाभूतं आहेत. शाळकरी मुलं तिथे पिशाच्च समजतात आणि त्यांना कोणी दुरुस्त करत नाही. याच अभंगात 'बारावा दिवस भोजनाचा' असं येतं आणि त्याआधी 'एकादश' हा शब्द जागरण-उपवासासह येतो. इथे तीन गोष्टी एकमेकींवर रचल्या आहेत: मृताचा अकरावा-बारावा, वारकऱ्याचा एकादशीचा उपवास आणि बारशीचं पारणं, आणि वेदान्तातली अकरा इंद्रियं (दहा आणि मन). वारी करणाऱ्या श्रोत्याला हे सांगावं लागत नसणार.

शेवटाकडे 'अवघीं कर्में जालीं घटस्फोटापाशीं'. यातला घटस्फोट कोर्टातला नव्हे. घट फोडणं हीच ती क्रिया. जातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या नावानेही पूर्वी असाच घट फोडत, म्हणजे तो आपल्याला मेला. नवराबायकोच्या फारकतीला हा शब्द नंतर लागला. नाती, कर्मं, जातीचं बंधन असं सगळं त्या मडक्याबरोबर फुटलं, असा हा चरण आहे.

आणि 'पिंड पदावरी । दिला आपुलिये करीं ॥ माझें जालें गयावर्जन'. पद म्हणजे गयेचं विष्णुपद, जिथे पिंड देतात, आणि देवाचे पायही. पिंड म्हणजे भाताचा गोळा, आणि देहही. याच अभंगात 'कर्मांतर' हा शब्द आहे. तो 'दुसरं काम' असा फोडू नये, कर्मांतर म्हणजे उत्तरक्रिया. जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करण्याचं ठळक उदाहरण म्हणजे संन्यास घेणारा. देहूचा संसारी, शूद्र म्हणून गणला गेलेला कवी तोच अधिकार शब्दांत आपल्याकडे घेतो आहे, असं मला वाटतं. हा माझा अर्थ आहे, गाथेत तसं स्पष्ट म्हटलेलं नाही. पण विधीचा तपशील माहीत नसेल तर हा प्रश्नसुद्धा मनात येत नाही.

इथे थोडं व्याकरण. जुन्या छापील पाठात शेवटचे अनुस्वार का असतात ते एकदा समजून घ्या, निम्मी अडचण संपते. नामाच्या शेवटी 'ें' असेल तर मुख्यतः दोन शक्यता असतात. एक तृतीया: हातें म्हणजे हाताने, नारायणें म्हणजे नारायणाने. दुसरी नपुंसकलिंगी अनेकवचन: भूतें, कर्में. 'आनंदें दाटलीं तिन्ही त्रिभुवनें' या एका चरणात दोन्ही आहेत. आनंदें म्हणजे आनंदाने, त्रिभुवनें म्हणजे जी दाटली ती. कोणती शक्यता धरायची ते क्रियापद सांगतं. 'दाटलीं' हे अनेकवचनी आहे, ते त्रिभुवनांशीच जुळतं. 'म्यां' म्हणजे 'मी' ची तृतीया, 'माझ्याकडून'. 'ठेलों' म्हणजे राहिलो, थांबलो. हल्लीच्या स्वस्त आवृत्त्यांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या पाठांत अनुस्वार गाळलेले असतात, तिथे 'आनंदे' हे आनंदाने की एखादं नाव, असा गोंधळ होतो. शक्यतो अनुस्वार राखलेली प्रत घ्या. अभंगांचे क्रमांक प्रतीप्रतींत वेगळे असतात, त्यामुळे शोध पहिल्या शब्दांवरून घ्यायचा, क्रमांकावरून नाही.

कोश कोणता? सतराव्या शतकापासून पुढच्या कवितेला मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) हे दोन्ही जवळ ठेवावेत. मोल्सवर्थ इंग्रजी अर्थ देतो, पण एकोणिसाव्या शतकातल्या घराघरांतला वापर त्यात पकडलेला आहे. दाते-कर्व्यांत संतांच्या ओळी उदाहरणांसह मिळतात. ज्ञानेश्वरी आणि महानुभाव गद्यासाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) लागतो. हे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. एक काळजी घ्या: कोशात पहिला दिलेला अर्थ उचलू नका. सगळे अर्थ वाचा आणि 'उत्तरक्रिया', 'श्राद्ध', 'अशौच' असा उल्लेख असलेला अर्थ आहे का ते आधी पाहा. ज्ञानेश्वरीत जन्ममरणाच्या फेऱ्याला 'घटिकायंत्र' म्हटलं आहे. आजचा वाचक तिथे भिंतीवरचं घड्याळ बघतो. तिथे पाण्याची भरती आणि रिती होणारी गाडगी आहेत, म्हणजे राहाट.

धोका अनोळखी शब्दांचा कमी असतो, कारण ते आपण कोशात बघतोच. खरा घात ओळखीचे वाटणारे शब्द करतात. तांबे याचं चांगलं उदाहरण आहेत, कारण त्यांची भाषा आपल्याच जवळची आहे आणि म्हणून कोणी कोश उघडत नाही.

'जन पळभर म्हणतिल हाय हाय! मी जाता राहिल कार्य काय?' यात 'काय' हा प्रश्नार्थक शब्द आहे. पुढे प्रत्येक कडव्याचा शेवट याच यमकाने होतो: अंतराय, पाय, जाय, शिवाय. आणि शेवटची ओळ 'का जिरवुं नये शांतीत काय?' हा 'काय' पहिल्यासारखाच प्रश्नार्थक समजून लोक पुढे जातात आणि ओळ लंगडी वाटली तर कवीला दोष देतात. इथे काय म्हणजे काया, देह. देह शांतीत का विरवून टाकू नये, असा प्रश्न आहे. कविता ज्या शब्दावर सुरू झाली त्याच ध्वनीवर, पण दुसऱ्या अर्थाने थांबते. जगाचं काय अडणार, इथून ती स्वतःच्या देहापर्यंत येते.

त्याच्या आधीचं 'हरिदूता का विन्मुख व्हावे?' हेही असंच निसटतं. मरणाच्या वेळी येणारा दूत यमाचा, ही लोकांची समजूत. तांबे मुद्दाम हरीचा दूत आणतात. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. मरताना त्याने मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि विष्णुदूतांनी यमदूतांना थांबवलं. ती कथा माहीत असलेल्या वाचकाला 'हरिदूत' या एका शब्दात भय गेल्याचं कळतं. आणि 'कुणी सदोदित सूतक धरिले?' यातला उपरोध सुतकाचे दिवस मोजलेले असतात हे माहीत असेल तरच लागतो. दहा दिवसांची गोष्ट कोण कायम धरेल?

आता प्रतीकांकडे. सासर-माहेर ही जोडी घ्या, कारण तक्त्याची मर्यादा तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसते. तांब्यांची 'नववधू प्रिया, मी बावरते' वरवर नवरीची कविता आहे. 'मला येथला लागला लळा, सासरि निघता दाटतो गळा' इथपर्यंत ती कुठल्याही लग्नघराला शोभेल. पण शेवटाकडे 'खरे घर ते' असं येतं आणि सासर म्हणजे मरणापलीकडचं घर, माहेर म्हणजे हे जग, असा अर्थ उघडतो. भीती आहे, ओढही आहे, आणि बावरणं हे दोन्हींच्या मधलं आहे. आता तुकोबा: 'कन्या सासुऱ्यासि जाये । मागें परतोनी पाहे ॥ तैसें जालें माझ्या जिवा । केव्हां भेटसी केशवा'. इथे चित्र तेच, पण दिशा उलटी. सासर म्हणजे देवापासून दूर जाणं, आणि मागे वळून बघायचं ते केशवाकडे. वारकऱ्यांचं माहेर पंढरी असतं, त्यामुळे त्यांच्याकडे सासर हे संसाराचंच होणार. 'सासर = मृत्यू' असं वहीत लिहून ठेवलेला विद्यार्थी तुकोबांचा अभंग उलटा वाचेल. प्रतीकाचा अर्थ विचारायचा असेल तर असा विचारा: या कवितेत बोलणारी व्यक्ती कुठे उभी आहे, आणि घर कोणाकडे आहे?

कावळ्याचंही तेच. दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो म्हणून कावळा दिसला की मरण, असं वाचतात. 'पैल तो गे काऊ कोकताहे' मध्ये ज्ञानेश्वरांचा कावळा पाहुणा येणार असल्याचा शकुन सांगतो, आणि पाहुणा पंढरीचा आहे. त्या कावळ्याचे पाय सोन्याने मढवायचे आहेत. त्यात मरण शोधू नये.

गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला' मध्ये आधी दृश्य पक्कं करा. 'दुर्दैवनगाच्या शिखरी नवविधवा दुःखी आई'. नग म्हणजे पर्वत. हे 'नगर' नव्हे, आणि 'शिखर' शब्द शेजारीच असूनही ही चूक होते. आई नुकतीच विधवा झालेली, मांडीवर मूल गेलेलं, आणि ती ते मान्य करत नाही. 'हे कोण बोलले बोला?' हा कवीचा प्रश्न आहे: 'राजहंस माझा निजला' असं कोण म्हणालं? तर ही आई. मग क्रियापद बघा. हंस हे प्राणाचं जुनं प्रतीक आहे, आणि परंपरेत तो हंस उडून जातो. आई हंस हाच शब्द वापरते पण क्रियापद बदलते: उडाला नाही, निजला. लाडाचं नाव आणि नकार एकाच वाक्यात आहेत. 'राजहंस म्हणजे आत्मा' एवढंच लिहिलं तर आई कवितेतून बाहेर पडते. आणि हे काम कवीने विशेषणाने केलेलं नाही, एका क्रियापदाने केलं आहे. म्हणून मरणाच्या कवितेत पेन्सिल घेऊन आधी क्रियापदांखाली रेघा मारा: फिटणे, बोळवणे, निजणे, मावळणे, जिरणे, हरपणे. कवीची मरणाकडे बघण्याची तऱ्हा त्यांत असते.

कधीकधी प्रतीक नसतंच. रेव्हरंड टिळकांच्या 'केवढे हे क्रौर्य' मधली जखमी पक्षीण ही पक्षीणच आहे. पारध्याच्या क्रौर्यावर ती कविता आहे आणि पिलांकडे जायची धडपड हा तिचा विषय आहे. तिला जीवात्मा करू नका. तिथे लक्ष द्यायचं ते वृत्ताकडे. 'क्षणोक्षणीं पडे, उठे' ही पृथ्वी वृत्तातली ओळ आहे, सतरा अक्षरांची, आठव्या अक्षरावर यती. आठवं अक्षर म्हणजे नेमका 'उठे' चा 'ठे'. पडणं आणि उठणं झालं की आवाज क्षणभर थांबतो, मग 'परि बळें' ने पुन्हा उचलतो. मोठ्याने वाचल्याशिवाय हे कळत नाही. ('क्षणोक्षणीं' मधला 'णीं' वृत्तासाठी ऱ्हस्व म्हणावा लागतो, नाहीतर ओळ अडखळते.)

कवीचं चरित्र वापरावं का? सरसकट उत्तर नाही. कवी गोविंदांनी अखेरीच्या काळात 'सुंदर मी होणार' लिहिलं. १९२६ मध्ये ते गेले. दोन्ही पायांनी ते पांगळे होते. हे माहीत असलं की 'सुंदर' हा शब्द अगदी शब्दशः लागतो: या मोडक्या देहाऐवजी नवा देह. इथे चरित्राने अर्थ जमिनीवर आणला. उलट बालकवींची 'औदुंबर'. बालकवी १९१८ मध्ये रेल्वे अपघातात गेले. त्यामुळे 'काळ्या डोहाकडे' जाणारी पायवाट म्हणजे कवीला लागलेली मृत्यूची चाहूल, असं लिहायचा मोह होतो. कविता अपघाताच्या आधीची आहे, आणि तिच्यात काळिमेला 'गोड' म्हटलं आहे. तो 'गोड' ज्या अर्थात मावत नाही तो अर्थ सोडून द्यावा. उदासीनता वाचा, विरक्ती वाचा, अगदी मरणाची सावली वाचा, पण पुरावा ओळीतला असू द्या.

प्रत्यक्ष काम करताना एका कवितेला दोन बैठका द्याव्यात. पहिल्या बैठकीत फक्त अन्वय: प्रत्येक चरण साध्या गद्य वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापद जागेवर लावून. अडलेल्या शब्दांच्या दोन याद्या करा, एक अनोळखी शब्दांची आणि दुसरी ओळखीच्या पण संशयास्पद शब्दांची (काय, संकोच, घटस्फोट, भूतें या जातीचे). दुसरी यादी रिकामी राहिली तर समजा की वाचन घाईत झालं. मग तीन प्रश्न लिहून उत्तरं द्या. मरण झालेलं आहे, होणार आहे, की जितेपणी घडलेलं आहे? बोलतंय कोण: मरणारा, मागे राहिलेला, की बघणारा? आणि ऐकणारा कोण? 'आम्ही जातों आपुल्या गांवा । आमचा राम राम घ्यावा' मध्ये बोलणारा निघालेला आहे आणि ऐकणारे गावकरी आहेत. 'आपुलें मरण' मध्ये बोलणारा मेला आहे आणि तरी इथेच आहे. दोन्ही अभंग एकाच कवीचे, दोन्हींत मरण, पण हा फरक न केल्यामुळे परीक्षेच्या उत्तरांत दोन्हींना एकच 'मोक्षाची ओढ' चिकटवलेली दिसते. पहिल्यात चारचौघांचा निरोप आहे, राम राम, पाया पडणं, आणि 'येथुनियां जन्मतुटी' असा शांत हिशेब. दुसऱ्यात प्रत्यक्ष सोहळा.

दुसऱ्या बैठकीत विधी आणि संदर्भ शोधा. यासाठी पुस्तकांइतकंच घरातलं किंवा गावातलं जुनं माणूस उपयोगी पडतं. फक्त प्रश्न नेमका विचारावा. 'या अभंगाचा अर्थ काय' असं विचारू नये, 'मडकं कोणत्या खांद्यावर घेतात, कोण फोडतं, दगडाचं पुढे काय होतं' असं विचारावं. विदर्भात, कोकणात, गोव्यात उत्तरं थोडी वेगळी येतील, तीही टिपून ठेवा. ख्रिस्ती किंवा मुसलमान मराठी घरांत वाढलेल्या वाचकांना तर हे विधी शून्यापासून समजावून घ्यावे लागतात. त्यांनी भारतीय संस्कृतिकोशातल्या अंत्यविधीविषयीच्या नोंदी आधी वाचाव्यात. एक खबरदारी गाण्यांबाबत. तांब्यांच्या कविता बहुतेकांना चालीसह माहीत असतात आणि गाण्यात कडवी गाळलेली असू शकतात. हरिदूताचं कडवं न ऐकलेल्याला ही कविता जगावर रुसलेल्या माणसाची वाटेल. छापील पाठ समोर ठेवूनच अर्थ लावा.

परीक्षेसाठी लिहायचं असेल तर एका प्रतीकाला चार वाक्यं पुरतात: ओळ उद्धृत करा, वस्तू किंवा विधी सांगा, कवीने त्यात काय बदललं ते दाखवा (घट मागे न टाकता चरणाशी, हंस उडण्याऐवजी निजलेला), आणि त्या बदलाने अर्थ कुठे सरकला ते लिहा. तिसरं वाक्य बहुतेक उत्तरांत नसतं. सुरुवात करायला 'जन पळभर' सोपी पडेल, कारण तिच्यात कोशाचं काम कमी आहे आणि 'काय' ची जोडी पहिल्याच दिवशी हाती लागते. तुकोबांचे उत्तरक्रियेचे अभंग त्यानंतर घ्या, पण एकेक घेऊ नका. 'आपुलें मरण', 'बोळविला देह', 'पिंड पदावरी' आणि शेणी-घटाचा अभंग, हे चार शेजारी शेजारी ठेवून वाचा.